चेअरमनचं नाक

थांबा. चहा तोंडाला लावायच्या आधी कप जरा नाकाशी धरा. हसू नका, धरा. आमच्या घरात आता तसा नियमच आहे. येतोय काही वास? नाही ना? मग प्या निवांत. आणि पिता पिता हा नियम कसा लागू झाला तेही ऐका. सांगायला लाज वाटते, पण सगळ्या गावाला ठाऊक आहे, तर तुमच्यापासून काय लपवायचं?

आमचं गाव इस्लामपूरकडचं, उसाचं. गावच्या दूध संस्थेचा मी चेअरमन. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. सही येते, तीसुद्धा लेकीनं शिकवलेली. मग चेअरमन कसा झालो? तर गावात दोन पार्ट्या. एकीला दुसरीचा माणूस नको, दुसरीला पहिलीचा नको. मी कुणाशी भांडत नाही, आवाज चढवत नाही, म्हणून बिनविरोध. लोक म्हणाले, "आबा शांत माणूस हाय, इचार करून बोलतो." हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. इथंच घोळ झाला.

संस्था म्हणजे काय, एक खोली, फॅट बघायचं मशीन आणि दूध थंड ठेवायची एक टाकी. सकाळी रांग लागते. ज्याचं त्याचं दूध मोजायचं आणि त्या एकाच टाकीत ओतायचं. नंतर टँकर येऊन घेऊन जातो. आता आमच्याकडं एक रिवाज आहे. टाकीत पहिलं दूध चेअरमनचं पडतं. मान असतो तो. आणि ते कुणी तपासत नाही. नैवेद्याचा कुणी वास घेतं का?

तर एका सकाळी टँकरवाल्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

"आबा, दुधाला वास येतोय की!"

"कसला वास? ताजं दूध हाय."

"ते मला माहीत न्हाई. आज नेतो. पण असाच वास येत राहिला तर प्लांटवाले तुमच्या गावचं दूधच बंद करतील. टँकर गावात यायचा न्हाई मग."

दूध बंद म्हणजे गावाची चूल बंद. उसाचे पैसे येतात कधीतरी, रोजचं मीठमिरची दुधावर. सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं झालो, वाकलो आणि टाकीला नाक लावलं.

आता तुम्हाला एक सांगून टाकतो. तरुणपणापासून मी तपकीर ओढतो. माझं नाक आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं राहिलंय. गुलाब धरा नाहीतर गटार, मला सारखंच. पण हे रांगेला कुठं ठाऊक होतं? आणि चेअरमननं भर सकाळी सगळ्या गावासमोर कसं म्हणायचं, की बाबांनो, मला काही वास येत नाही?

मी डोळे मिटले. लांब श्वास घेतला. मान हलवली.

"अस्सं!" म्हणालो.

आमचा सेक्रेटरी दिनकर बाजूला उभा होता. त्यानं विचारलं, "कसला वाटतोय आबा?"

बघा, या सगळ्या भानगडीतला पहिला चांगला प्रश्न तो. आणि मी तो तिथंच बुडवला. सरळ म्हणायचं, "दिनकर, तुला कसला वाटतोय?" पण नाही. मी डोळे उघडले. नाकानं उत्तर दिलं नव्हतं, म्हणून डोळ्यांनी शोधायला लागलो. रांगेत बिरू उभा होता. खांद्यावर घोंगडं.

"मेंढराचा," मी म्हणालो.

बिरू मूळचा म्हसवडकडचा. बापजाद्यांनी मेंढरं घेऊन रानोमाळ पाय झिजवले. यानं मात्र आमच्या ओढ्याकाठी थोडी जमीन घेतली, दोन गाई घेतल्या, आई सखूबाईला आणलं आणि संस्थेचा सभासद झाला. थोडी मेंढरं अजून होती. सखूबाई सगळ्यांना सांगायची, "आता आमचं पाय एका जागी ठरलं बाबा." त्या दोन गाईंवरच ठरले होते ते.

मी बिरूला खोलीत बोलावलं. चौकशी करायची म्हणजे रीतसर करायची, असं माझं मत.

"बिरू, तुझ्या गाई आन मेंढरं एकाच छपरात हाईत न्हवं?"

"शेजारशेजारच्या छपरात हाईत आबा."

"म्हंजी एकच. मेंढराला वास असतो का न्हाई?"

"असतो की."

"आन तू मेंढराला हात लावून मग धार काढतोस न्हवं?"

"हात धुतो की आबा..."

"लावतोस का न्हाई, एवढंच सांग."

"लावतो."

"झालं तर मग!" मी दिनकरकडं वळलो. "दिनकर, तुला पण मेंढराचाच वास आला न्हवं?"

दिनकर अडखळला. "आबा, वास जरा उग्र हाय, म्हंजी कसा, फोडणी..."

"उग्र म्हंजी मेंढराचाच!"

"व्हय आबा," दिनकर म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, याला विचारणं म्हणतात का? जत्रेतला नंदीबैल असतो, मालकानं दोरी ओढली की मान हलवतो. मी सगळ्या गावाच्या गळ्यात दोऱ्या बांधल्या होत्या आणि माना हलल्या की म्हणत होतो, बघा, सगळ्यांचं एकमत आहे!

बिरूला सांगितलं, घोंगडं घरी ठेवून यायचं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून आला, लग्नाला निघाल्यासारखा. वास तसाच. मग म्हटलं, मेंढरं गाईंपासून लांब हलव. त्यानं ओढ्यापलीकडं वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी लावली, रोज पाण्यातनं ये-जा करायला लागला. वास तसाच. दिनकर आता प्रत्येकाच्या किटलीत नाक घालून बघत होता. सगळ्यांचं दूध चांगलं, बिरूचंही चांगलं. आणि टाकीचं झाकण उघडलं की वास!

"आबा, हे कसं?" दिनकर म्हणाला.

"मेंढराचा वास तसाच असतो. सुटा कळत न्हाई, टाकीत गेला की उमटतो."

हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. पण चेअरमन बोलला म्हटल्यावर मागची मंडळी एकमेकांना सांगायला लागली, "व्हय, उमटतो म्हंत्यात."

टँकरवाल्यानं परत तंबी दिली, तसं मी बिरूचं दूधच बंद केलं. चौकशी पुरी होईस्तवर. सखूबाई किटली घेऊन आली होती. भांडली नाही. "बरं आबा," म्हणाली आणि परत गेली. वाटेत शाळेची पोरं भेटली, त्यांना ते दूध पाजलं. ते माझ्या कानावर आलं, पण मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, "बघा, चूक हाय म्हणूनच भांडत न्हाई."

भांडली असती तर म्हटलं असतं, चूक आहे म्हणूनच भांडते.

बिरूचं दूध बंद, आणि वास चालूच! दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. मी थांबतोय होय? म्हटलं, वास टाकीत मुरलाय. टाकी सोड्यानं धुतली, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतली. तरी येतोय म्हटल्यावर माझं डोकं आणखी चाललं. म्हटलं, बिरू शेजाऱ्यांच्या किटलीतनं आपलं दूध चोरून घालत असणार! मग शेजाऱ्यांची झडती. गावात कुणाचा गोठा म्हणून बघायचा ठेवला नाही मी. एक सोडून. तो कुठला, ते विचारू नका, येतंच आहे.

या सगळ्या काळात मी विचार कुठं करायचो? परसात, माझ्या म्हशीपुढं. माझी मुऱ्हा म्हैस, बादलीभर दूध देते, गावात तिला तोड नाही. खटावकडच्या माझ्या भाच्यानं त्या वर्षी कांदा केला आणि भाव पडला. बारका, कोंब आलेला माल त्यानं पोत्यानं आमच्या परसात आणून टाकला होता. फेकायचा कशाला? धारेच्या आधी मी म्हशीपुढं बसायचो, सावकाश एकेक कांदा चिरायचो, पेंडीत कालवून तिला घालायचो. ती मटामटा खायची, मी गावाचा विचार करायचो आणि डोळ्यांतनं पाण्याच्या धारा.

कुंपणापलीकडनं वाट जाते. जाणाऱ्या-येणाऱ्यानं ते बघितलं. गावभर झालं, "आबा संस्थेसाठी रडत्यात रं! त्या बिरूपायी म्हाताऱ्या माणसाला रडाय लागलं!" लोक बिरूशी बोलायचे बंद झाले. मला वाटलं, गावाला माझी किती काळजी.

त्यात घरात आमच्या बायकोचं, शेवंताचं, वेगळंच. दुधाचा चहा सोडून ती कोरा चहा प्यायला लागली. मी लगेच ओळखलं. तिच्या आईला पित्त होतं.

"शेवंता, तुला पित्त झालंय न्हवं?"

"मला? आवं, पित्त न्हवं, त्यो चहा..."

"कोरा चहा पितीस म्हंजी पित्तच. मला सांगू नगंस."

इस्लामपूरला गेलो तेव्हा पित्ताच्या चूर्णाची डबी आणली. घरात काय, गावात काय, माझी नजर कशी पक्की, बघा.

मग एक गंमत झाली. बिरू म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेला. आणि तो गेला तसा वास गेला! टँकरवाला म्हणाला, "आबा, दूध कसं दुधासारखं झालं!" हे मला फोनवर कळलं, कारण मी विट्याला लेकीकडं होतो. जावयाचं गलाईचं दुकान लांब मुलखात आहे, सोनं गाळायचं. तो सुटीला आला होता, म्हणून मलाही बोलावलं होतं. जावयाला मी सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, "तुमचं सोनं आगीत कळतं, आमचा माणूस वासानं कळतो." जावई चार मुलूख फिरलेला, शहाणा. त्यानं उसाच्या भावाचा विषय काढला.

मी परत आलो. बिरूही परत आला. आणि दुसऱ्या सकाळी वास हजर!

आणखी काय पुरावा पाहिजे? मी सभा लावली. बिरूचं नाव संस्थेतनं कमी करायचं, दूध कायमचं बंद. बिरूनं गाई विकायची बोलणी सुरू केली होती म्हणे. परत म्हसवडकडं, परत मेंढरांमागं.

सभेला मारुतीच्या देवळापुढं सगळं गाव. बायका एका बाजूला, त्यात शेवंताही. मी उभा राहिलो आणि शांतपणे सांगितलं. मी सगळं शांतपणेच करतो, चुकासुद्धा.

"मंडळी, बिरू गेला, वास गेला. बिरू आला, वास आला. मला तर काय शंका न्हाई. तुमाला हाय का?"

"न्हाई आबा!" सगळ्या दोऱ्या हलल्या.

मागनं सखूबाई उठली. पदर सावरला.

"आबा, मी दोन गोष्टी इचारू का?"

"इचारा की."

"आमचं दूध बंद झाल्यावर वास येत हुता का?"

"येत हुता, पण त्याचं असं हाय..."

"कसं हाय ते ऱ्हाऊ द्या. येत हुता न्हवं? बरं. बिरू म्हसवडला गेला तवा वास गेला. त्या दिसांत गावात आनखी कोण नव्हतं?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग पाठीमागनं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "आबा पन विट्याला गेलं हुतं की."

हशा पिकला. मी पण हसलो. काय पण बोलतात लोक!

"मी आबांवर आळ घेत न्हाई," सखूबाई म्हणाली. "मी आपलं इचारतीया. दुसरी गोष्ट. वास नेमका कसला येतुया?"

"मेंढराचा," मी म्हणालो.

"आबा, माझा जलम मेंढरांत गेला. टाकी धुवायला मी पन आले हुते. मला तिथं मेंढरू कुठं गावलं न्हाई. मी तुमास्नी इचारत न्हाई. रोज झाकण उघडतुया त्या दिनकरला इचारतीया. बाबा दिनकर, तुला कसला वास येतुया? तुझ्या मनचं सांग."

दिनकरनं माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं बघितलं.

"खरं सांगू? मला पहिल्या दिवसापासनं कांद्याचा येतोय."

"मला पन!" "मला पन कांद्याचाच!" "मी तर घरात बोललो हुतो!" सगळीकडनं आवाज.

"आरं मग बोलला का न्हाईस?" मी दिनकरला म्हणालो.

"तुमी मेंढराचा म्हणालासा. म्हटलं, आबा थोर माणूस, असंल बाबा मेंढराचा वास कांद्यासारखा."

आणि तेवढ्यात बायकांतनं आमची शेवंता उठली. तिच्या मनात काही नव्हतं हो. तिला आपलं कोडं सुटल्याचा आनंद झाला होता.

"कांद्याचा? आगं बया! आवं, ह्यो तर आपल्या चहाचा वास!"

सगळ्या माना शेवंताकडं वळल्या. मग एकजण म्हणाला, "काकी, म्हंजी आबा परसात रडत बसायचं ते..."

"रडत कुठलं? म्हशीला कांदं चिरायचं!"

आता काय सांगू, त्यानंतर जो हशा झाला, तो पलीकडच्या गावात ऐकू गेला असेल. माणसं पोट धरून पारावरनं खाली आली. मारुतीरायानं तोंड फिरवलं नाही, हेच नशीब.

मी शेवंताला म्हणालो, "आगं, मग मला आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

"मला काय ठावं? तुमी गावभर सांगितलंसा, संस्थेत मेंढराचा वास येतुया. आपल्या दुधाला तर कांद्याचा. मला वाटलं, दोन वास येगळं हाईत."

तिचं काय चुकलं, सांगा?

एकटा बिरू हसत नव्हता. मी त्याच्यापुढं जाऊन हात जोडले. म्हटलं, "बिरू, तुझ्यावर उगाच बालंट आलं. चुकी माझी. गाई इकू नगंस गड्या."

त्यानं माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाला, "आबा, मेंढरं ओढ्याच्या अलीकडं आणू का?"

"आण की!"

"आन घोंगडं?"

"ते पण घेऊन ये."

सखूबाईचं अजून झालं नव्हतं. ती अगदी मायेनं म्हणाली, "आबा, राग न्हाई. पन एक सांगा. त्या पहिल्या दिशी तुमी टाकीला नाक लावलंसा, तवा तुमास्नी कसला वास आला हुता?"

आता खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. मी खिशातनं तपकिरीची डबी काढून सगळ्यांना दाखवली. "सखूबाई, मला वासच येत न्हाई. लय दिस झालं."

पुन्हा सगळे हसतील म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. पण या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी म्हटलं, चेअरमनकी सोडतो. तर दोन्ही पार्ट्या एकदम उठल्या. "सोडायची न्हाई आबा! मग दुसऱ्या पार्टीचा येईल!" शेवटी ठरलं, चेअरमन मीच, पण नाक दिनकरचं. आणि चेअरमनचं दूध सगळ्यात शेवटी पडायचं, तेही तपासून. आता रोज सकाळी मी रांगेच्या टोकाला उभा असतो. पुढं कधी बिरू असतो, खांद्यावर घोंगडं. तो मागं वळून विचारतो, "आबा, आज म्हशीला काय घातलं?"

"उसाचं वाडं."

"आनखी?"

"पेंड."

"आनखी?"

आणि उत्तराची वाट बघत गप्प उभा राहतो. मी काय म्हणणार ते आधी स्वतः म्हणून टाकत नाही. मला हे त्याच्या वयात जमायला पाहिजे होतं.

सभेच्या दिवशी घरी आलो. मनाशी ठरवलं, आजपासनं आधी विचारायचं, मग ऐकायचं, मग बोलायचं. सुरुवात घरापासनं. शेवंताला समोर बसवलं आणि म्हटलं, "तू कोरा चहा का पीत हुतीस?"

"दुधाला कांद्याचा वास येत हुता म्हून."

"म्हंजी तुला पित्त नव्हतंच?"

"कवाच नव्हतं."

"मग ते चूर्ण? डबी तर रिकामी दिसतीया!"

"ते व्हय? म्हशीला घातलं."

मी उडालोच. "आगं शेवंता! माणसाचं औषध म्हशीला? पित्त कुणाचं, चूर्ण कुणाला! जरा इचार करावा माणसानं!"

ती चुलीपुढनं उठली, कप माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाली,

"आन तुमी वो? म्हशीचा वास मेंढरांच्या नावावर घातलासा, तवा केला हुता का इचार? माझ्या चूर्णानं निदान म्हशीला ढेकर तरी आला."